मुखपृष्ठासाठी फोटो शोधताना एआयचा खरा उपयोग कुठे होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो. गुगलवर किंवा तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर शोधलं की सगळ्यांनी वापरून झालेली तीच ती चित्रं समोर येतात. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या निगेटिव्हचे स्कॅन आणि माझे स्वतःचे फोटो मिळून हार्डडिस्क भरल्या आहेत, पण हवा तो फोटो वेळेवर सापडत नाही. एआयमुळे हा शोध खरोखर सुधारतो का? सुधारत असेल तर सुरुवात कशी करावी?’

सुधारतो, आणि बाहेरच्या शोधापेक्षा घरच्या साठ्यात कितीतरी जास्त सुधारतो. म्हणून तुमच्या प्रश्नातला हार्डडिस्कचा भाग मी आधी घेते. इंटरनेटवर तुम्ही आणि दुसरा कुणी मांडणीकार एकाच विषयावर शोधत असाल, तर एआय असो वा नसो, वरची चित्रं दोघांच्या पडद्यावर जवळपास तीच असतात. मुखपृष्ठं एकसारखी दिसायला लागली आहेत त्याचं मोठं कारण हेच आहे. तुमच्या वडिलांनी काढलेला फोटो मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही. तो आजवर सापडत नव्हता याचं कारण एवढंच, की त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

पूर्वीचा चित्रशोध प्रत्यक्षात चित्राचा नव्हताच, शब्दांचा होता. फाइलचं नाव, खालची ओळ, पानावर आजूबाजूला असलेला मजकूर यांवर तो चालायचा. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय या कंपनीने ‘क्लिप’ नावाचं एआय मॉडेल जाहीर केलं तेव्हा ही अडचण मोठ्या प्रमाणात सुटली. सुमारे ४० कोटी चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांवर ते शिकवलेलं होतं. ते चित्राचं रूपांतर आकड्यांच्या एका ओळीत करतं. त्याच्या खूप वापरल्या जाणाऱ्या छोट्या आवृत्तीत हे ५१२ आकडे असतात. वाक्याचंही तसंच होतं. मग वाक्याचे आकडे कोणत्या चित्राच्या आकड्यांच्या जवळ जातात एवढंच पाहायचं. त्यामुळे एकाही फोटोला ओळ लिहिलेली नसली तरी ‘पावसात पाठमोरी उभी एकटी बाई’ असं विचारता येतं. एका फोटोचे ५१२ आकडे सुमारे २ किलोबाइट जागा घेतात. म्हणजे ५० हजार फोटोंच्या या आकड्यांची यादी, म्हणजेच पूर्ण सूची, १०० एमबीच्या आसपास बसते. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. साध्या कॉम्प्युटरवर सूची तयार व्हायला वेळ लागतो, तो लागू द्यावा. नंतरचा शोध क्षणात होतो.

प्रोग्रामिंग येत नसेल तर ‘इमिच’ हे मोफत, आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर बसवून घ्या. बसवायला एकदा जाणकाराची मदत लागेल, पुढे वापरायला नाही. फोटो बाहेर कुठे जात नाहीत, आणि स्टुडिओच्या साठ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात लोकांची लग्नं, बारशी, कुटुंबं आहेत. बसवताना एक बदल आवर्जून करा. सुरुवातीला मिळणारं मॉडेल मुख्यतः इंग्रजी समजणारं असतं. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेलं आहेत, त्यांपैकी ‘एनएलएलबी-क्लिप’ला मराठी कळतं. मॉडेल बदललं की सगळ्या फोटोंची सूची पुन्हा करावी लागते, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझ्या कामात मी तोच शोध मराठीतून आणि इंग्रजीतून असा दोनदा घालते. दोन्हीकडची पहिली पानं वेगळी येतात आणि पुष्कळदा उपयोगी फोटो एकाच यादीत असतो.

आता हत्यार चालवायचं कसं, ते सांगते. एका कादंबरीसाठी कोकणातली भातलावणी हवी आहे असं समजा. पाऊस, चिखल, आणि इरलं घेतलेली बाई. ‘इरलं’ असं टाकलंत तर हाती फारसं लागणार नाही. ज्या चित्रांवर ही मॉडेलं शिकतात त्यांत आपली शेतं, आपली भांडी, आपले पोशाख फार कमी असतात. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘इमेजनेट’ हा प्रसिद्ध चित्रसंच तपासला, तेव्हा त्यातली सुमारे ४५ टक्के चित्रं अमेरिकेतली निघाली. भारत आणि चीन मिळून ३ टक्क्यांच्या आसपास. पुढचे संच कितीतरी मोठे झाले, पण इंग्रजी इंटरनेटचा कल त्यांतही आहेच. म्हणून वस्तूचं नाव न घेता तिचं दिसणं सांगावं: ‘पाणी भरलेल्या शेतात वाकलेली व्यक्ती, डोक्यापासून कमरेपर्यंत पानांचं मोठं आच्छादन, पाऊस, मागे धूसर डोंगर.’ असं लिहिलं की इरलं न ओळखणारं मॉडेलही इरल्याचे फोटो पुढे आणतं, कारण आकार, वाकलेली पाठ आणि पाणी त्याला ओळखता येतं. असा एक चांगला फोटो सापडला की शब्द सोडून द्या. त्याच फोटोवरून ‘यासारखे’ शोधा. नाव कुणालाच सांगावं लागत नाही.

एवढं करूनही काही फोटो सापडत नाहीत, आणि मॉडेल चित्र कसं पाहतं हे माहीत नसलं की त्याचं कोडं वाटतं. क्लिपची छोटी आवृत्ती तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो आधी २२४ बाय २२४ पिक्सेलचा करते आणि त्याचे ३२ पिक्सेलचे चौकोन पाडते. म्हणजे सात ओळी, सात रकाने, एकूण ४९ चौकोन. जत्रेच्या गर्दीच्या फोटोत कोपऱ्यातल्या आजीच्या नाकातली नथ त्यातल्या एका चौकोनाचा कणभर भाग असते. ‘नथ’ विचारल्यावर हा फोटो येणार नाही आणि त्यात मॉडेलचा दोष नाही. मूळ क्लिपच्या रीतीत आणखी एक गोष्ट घडते, ती आडव्या फोटोंना फार नडते. फोटोची लहान बाजू २२४ ला आणून मधला चौरस तेवढा ठेवतात आणि दोन्ही कडा कापतात. एका कडेला माणूस आणि बाकी सगळं मोकळं आकाश असा मुखपृष्ठाला अगदी योग्य फोटो असेल, तर त्यातला माणूस सूचीत पोचतच नाही.

उपाय साधा आहे. रुंद फोटोंचे एकमेकांवर थोडे चढणारे तीन तुकडे करून त्यांचीही सूची करायची आणि तुकडा सापडला की मूळ फोटो उघडायचा. इमिचसाठी हे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ फाइलच्या नावापुढे १, २, ३ जोडून ठेवले तरी काम भागतं. निगेटिव्हच्या स्कॅनना भोवती काळी चौकट आणि फिल्मचे दाते असतील तर सूचीआधी ते छाटलेली लहान प्रत करा. नाहीतर सगळे स्कॅन ‘जुनी फिल्म’ म्हणून एकमेकांना चिकटतात आणि आतलं दृश्य मागे पडतं. मूळ स्कॅनला हात लावू नका.

मुखपृष्ठासाठी विषयापेक्षा चार गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात: उजेड, अंतर, शरीराची ठेवण आणि कोरी जागा. मांडणीकार फोटो निवडताना मनात हेच पाहतो, पण शोधाच्या चौकटीत मात्र ‘शेतकरी’, ‘आई’, ‘एकटेपणा’ असे शब्द टाकतो. ‘एकटेपणा’ टाकलं की खिडकीशी बसलेली मुलगी येते, कारण इंटरनेटवर त्या शब्दाशेजारी तीच असते. त्याऐवजी ‘रिकाम्या एसटी स्टँडवर दूरवर बसलेला म्हातारा, संध्याकाळचा तिरपा उजेड, वरचा अर्धा भाग कोरा’ असं लिहून पाहा. भावना तुम्ही ठरवायची, आणि ती कोणत्या दृश्यातून येईल हेही तुम्हीच. मॉडेलकडून फक्त दृश्य मागायचं. चांगल्या शोधाचं निम्मं काम संहिता वाचताना होतं, असं मी ठामपणे म्हणेन. कादंबरी वाचताना दृश्यांच्या अशा दहा-बारा ओळी वहीत टिपून ठेवा.

नकार या मॉडेलांना नीट कळत नाही. ‘माणसं नसलेला घाट’ म्हटलं की माणसांनी भरलेला घाटच येतो, कारण ‘माणसं’ आणि ‘घाट’ हे दोन्ही शब्द त्यात आहेत. ‘रिकाम्या ओल्या दगडी पायऱ्या, पहाट, नदी’ असं होकारानेच मागा. संख्याही कच्च्या असतात. तीन बायका मागितल्या तर दोन किंवा पाच येतील. फोटोतली अक्षरं मात्र मॉडेलला नको तेवढी ओढतात. २०२१ मध्ये ओपनएआयनेच दाखवलं होतं, की हिरव्या सफरचंदावर ‘आयपॉड’ लिहिलेला कागद चिकटवला की क्लिप त्याला आयपॉड म्हणतं. आपल्या रस्त्यांवर इंग्रजी पाट्यांची कमी नाही, त्यामुळे असले चुकलेले निकाल आले की पाटी पाहा, उलगडा होतो.

निकालाशेजारी जवळिकीचा आकडा दिसत असेल तर तो ०.२५ किंवा ०.३० पाहून निराश होऊ नका. वाक्य आणि चित्र यांच्यात क्लिपचे आकडे साधारण तेवढेच असतात, अगदी नेमका फोटो असला तरी. आणि हा शोध ‘सापडलं नाही’ असं कधीच सांगत नाही. जे आहे त्यातलं सगळ्यात जवळचं तो पुढे ठेवतो. त्यामुळे पहिल्या दहांवर थांबू नका. लहान थंबनेल करून पहिले दोनशे एकदम पाहा. स्टुडिओत काँटॅक्ट शीटवर, म्हणजे पूर्ण रोलच्या छोट्या छोट्या प्रिंटच्या कागदावर, भिंग फिरवणाऱ्या माणसाची नजर इथे उपयोगी पडते. चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी येणारा, प्रश्नाला अर्धवट जुळणारा फोटो पुष्कळदा सगळ्यात चांगलं मुखपृष्ठ देतो, कारण त्यात तुम्ही न मागितलेलं काहीतरी असतं.

चित्रानेच चित्र शोधणं ही मला या सगळ्यातली सगळ्यात आवडती सोय आहे. गुगल लेन्समध्ये २०२२ पासून चित्रासोबत शब्दही जोडता येतात: हा फोटो, पण रात्रीचा, ही मांडणी, पण निळ्या रंगात. घरच्या साठ्यात थोडं प्रोग्रामिंग करणारा मित्र असेल तर चित्राचे आणि शब्दांचे आकडे एकत्र करून हेच करून देऊ शकतो. पेन्सिलीने काढलेलं कच्चं रेखाटनही प्रश्न म्हणून चालतं. एक अडचण येते: रेखाटन दिलं की मॉडेल रेखाटनंच शोधतं, कारण विषयाबरोबर शैलीही त्या आकड्यांत उतरलेली असते. म्हणून सोबत ‘फोटो’ हा शब्द जोडायचा. काहीजण एआयकडून चित्र तयार करून घेऊन त्यावरून खरा फोटो शोधतात. प्रश्न म्हणून ते ठीक आहे, पण त्या चित्राची गुळगुळीत चकाकी निकालांतही उतरते. मी रेखाटनच पसंत करते. त्यात जागेची वाटणी तुमच्या हातची असते.

ओळी लिहिण्याचं कामही आता मॉडेलकडून करून घेता येतं. गुगलच्या जेमिनीसारखी चित्र वाचणारी मॉडेलं, किंवा आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं ‘क्वेन’, प्रत्येक फोटोचं वर्णन लिहून देतात. मोकळं सोडलं तर प्रत्येक नऊवारी ‘पारंपरिक साडी’ होते आणि डोक्यावरचं सगळं ‘पगडी’. म्हणून सूचनेतच शब्दांची यादी द्यावी: फेटा, पागोटं, मुंडासं, गांधी टोपी, नऊवारी, लुगडं, परकर-पोलकं, ओटी, पडवी, माजघर. यादीतलं जुळत नसेल तर फक्त दिसतं ते लिही आणि अंदाज करू नको, असंही बजावावं. शिवाय उजेड कुठून, कोरी जागा कुठे, चेहरा ओळखू येतो का, हे तीन रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना पुढे परवानगीच्या वेळी फार कामाला येतो. वर्णनं तपासल्याशिवाय कुठेही छापू नयेत, ती शोधापुरतीच असतात. तुमच्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या ओळी किंवा याद्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. वडिलांनी लिहिलेली ‘पंढरपूर, आषाढी’ एवढी एक ओळ कोणत्याही मॉडेलच्या वर्णनापेक्षा मोलाची आहे. कारण गाव आणि प्रसंग बहुतेकदा चित्रात दिसत नाहीत, ते माहीत असावे लागतात.

बाहेर शोधायचं तर स्टॉक साइटच्या आधी संग्रहालयांकडे जा. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये, क्लीव्हलंडच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये आपल्याकडची हक्कमुक्त चित्रं कोणत्याही वापरासाठी खुली केली. मेटमध्ये विजापूर आणि अहमदनगरची दख्खनी चित्रं आहेत, पुण्याच्या चित्रशाळेत आणि रविवर्मा प्रेसमध्ये छापलेली देवादिकांची चित्रंही आहेत. प्रत्येक चित्राच्या पानावर ते मुक्त असल्याची खूण आहे का, हे पाहून मगच घ्यावं. त्यांच्या सूचीत अभ्यासकाने लिहिलेली शीर्षकं असतात, ‘रात्री गच्चीवर पाठमोरी बाई’ असं कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून मेट जे एपीआय (प्रोग्रामने माहिती आणि चित्रं उतरवून घ्यायची सोय) मोफत देतं, त्यातून हव्या विभागाची लहान चित्रं उतरवून घ्यावीत आणि आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सूची करावी. मग दख्खनी चित्रांतही उजेड, ठेवण आणि कोरी जागा यांवर शोधता येतं. आपल्याकडे भारतीय संग्रहालयांचं सरकारी पोर्टल आहे, त्यामागचं ‘जतन’ हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकने बनवलेलं आहे. तिथलं चित्र वापरायचं तर त्या संग्रहालयाची लेखी परवानगी घ्या.

मोकळ्या इंटरनेटवर आता नवी अडचण आहे. २०२२ मध्ये चित्रं तयार करणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली आणि त्यानंतर खऱ्या फोटोंच्या शोधात बनावट चित्रं मिसळली. मोराच्या पिल्लाचे फोटो शोधले तर पांढरी, गोजिरवाणी, निसर्गात नसलेली पिल्लं वर येत होती, हे २०२४ मध्ये खूप गाजलं. आपल्या इतिहासाच्या विषयांवर तर बनावट मावळ्यांचा पूर आहे. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये आणि पेशवाई संपली १८१८ मध्ये. त्यामुळे पेशवेकालीन ‘दुर्मिळ फोटो’ दिसला की तिथेच थांबावं. गुगलमध्ये शोधशब्दांपुढे इंग्रजीत ‘बिफोर’, मग कोलन आणि २०२२ असं जोडलं की बराच गाळ निघून जातो. ही गाळणी पक्की नाही, पण उपयोगी आहे. काही स्टॉक साइटवर एआय चित्रं वगळायची सोय असते, ती सुरू ठेवा. आवडलेलं चित्र टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साइटमध्ये घालून सगळ्यात जुनी प्रत आधी लावा, मूळ मालकापर्यंत पोचायचा हा चांगला रस्ता आहे. पिंटरेस्ट कल्पनेसाठी वापरा, छपाईसाठी तिथलं चित्र उचलू नका.

हक्कांचं बोलायलाच हवं, कारण शोध जितका सोपा होतो तितकी इथली घाई वाढते. बऱ्याच प्रकाशकांच्या डोक्यात अजून ‘फोटो ६० वर्षांनी मोकळा’ असं पक्कं आहे. पूर्वी ती ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यातलं ते वेगळं कलम निघालं आणि आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतात. तुमच्या साठ्याला आणखी एक बाब लागू आहे. गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, गिऱ्हाईकच असतो. निगेटिव्ह स्टुडिओकडे राहिली म्हणून हक्क राहिला असं होत नाही. म्हणजे लग्नाचे, कुटुंबाचे फोटो तुमच्या हार्डडिस्कमध्ये असले तरी मुखपृष्ठावर टाकायला त्या कुटुंबाची परवानगी लागेल. वडिलांनी स्वतःच्या हौसेने काढलेले बाजार, जत्रा, रस्ते, नद्या यांचे फोटो वेगळे. तिथेही चेहरा स्पष्ट असेल आणि पुस्तक आजार, गुन्हा किंवा जातीय अत्याचाराबद्दल असेल, तर तो फोटो टाळलेलाच बरा, मग तो कितीही सुंदर असो. त्या माणसाने त्या कथेत उभं राहायला होकार दिलेला नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. गिऱ्हाइकांचे आणि वडिलांचे स्वतःचे, असे दोन फोल्डर आधी वेगळे करा आणि पहिली सूची फक्त दुसऱ्या फोल्डरची होऊ द्या. प्रत्येक फाइलच्या आयपीटीसी माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच साठवली जाणारी माहिती) छायाचित्रकाराचं नाव आणि माहीत असेल तर साल घाला. हे एकदम हजारो फाइलींना घालता येतं आणि फाइल कुठेही गेली तरी सोबत जातं. सापडलेला फोटो पक्का करण्याआधी त्याचा आकार पाहा: डेमी १/८ च्या मुखपृष्ठाला ३०० डीपीआयने, कडेचा ब्लीड (छाटणीसाठी सोडलेली जादा पट्टी) धरून, साधारण १७०० बाय २६०० पिक्सेल लागतात. स्कॅन त्याहून लहान असेल तर एआयने तो मोठा करून घेऊ नका. त्यात चेहऱ्याचे बारकावे यंत्र मनानेच भरतं. निगेटिव्ह तुमच्याकडेच आहे, पुन्हा स्कॅन करा.